मुंबईला गेलात तर चित्रंही बघून या



आपल्या गटांतल्या बायका महालक्ष्मी सरसला मुंबईला जातात. पापड, मसाले, गोधड्या विकतात, जमलं तर सिद्धिविनायकाचं दर्शन घेऊन परत येतात. आज मी तुम्हाला आणखी एक ठिकाण सांगणार आहे.

लोकलने चर्चगेटला उतरायचं आणि पंधरा-वीस मिनिटं चालायचं. त्या भागाला काळा घोडा म्हणतात. तिथे पूर्वी इंग्रजांच्या राजाचा घोड्यावर बसलेला पुतळा होता. पुतळा राणीच्या बागेत गेला, नाव मात्र राहिलं. २०१७ मध्ये तिथे पुन्हा घोडा बसवला, पण या खेपेला पाठीवर राजा नाही.

तिथेच जहांगीर आर्ट गॅलरी आहे, १९५२ साली सुरू झालेली. आजचे चित्रकार इथे आपली चित्रं मांडतात. तिकीट नाही, काही विकत घ्यायलाच पाहिजे असंही नाही. तरी आपली बाई दारात थबकते. ‘हे शिकलेल्यांचं, पैसेवाल्यांचं. आपल्याला काय कळणार?’ अगं, गोधडीला कुठल्या रंगाशेजारी कुठली चिंधी लावायची हे तुला कुणी शिकवलं? त्याच नजरेने बघायचं.

आधी लांबून बघा, मग जवळून. हात लावू नका, फोटो विचारून काढा. चित्रात देव, डोंगर, माणूस दिसेलच असं नाही. कधी नुसते रंग असतात, कधी कापड, तार, लोखंड. नाही आवडलं तर पुढे चला. आवडलं तर विचारा, पुष्कळदा चित्रकार तिथेच बसलेला असतो. बाहेर फुटपाथवरही चित्रकार चित्रं मांडतात. आणि हे सगळे मोठ्या घरचे असतात असं नाही. पंढरपुरात जन्मलेले हुसेन मुंबईत सिनेमाचे बोर्ड रंगवायचे, पुढे जगभर नावाजले.

एक गोष्ट मात्र नीट बघा. प्रत्येक चित्राशेजारी छोटी चिठ्ठी असते. कुणी काढलं, कधी काढलं, कशावर काढलं, लांबी-रुंदी किती. सगळ्यात आधी नाव.

आता आपल्याकडे बघू. पालघरकडे वारली सुवासिनी लग्नात भिंतीवर तांदळाच्या पिठाने चौक लिहितात. पिढ्यान्‌पिढ्या लिहिला, पण त्याखाली नाव कुणी घातलं नाही. १९७० नंतर ही चित्रं कागदावर आली, विकली जाऊ लागली. जिव्या सोमा मशे यांनी ती परदेशापर्यंत नेली, २०११ मध्ये त्यांना पद्मश्री मिळाली. तो मान योग्यच होता. पण चौक लिहिणाऱ्या एका तरी बाईचं नाव आपल्याला सांगता येतं का?

आपल्या स्टॉलवरही तेच होतं. गोधडीवर किंमत असते, गटाचं नाव असतं. दोन-दोन महिने जिने टाके घातले, तिचं नाव नसतं. गिऱ्हाईक भाव पाडून मागतं, कारण त्याला फक्त कापड दिसतं, बाई दिसत नाही.

म्हणून पुढच्या मासिक बैठकीत हा विषय घ्या. प्रत्येक गोधडीला चिठ्ठी लावायची. करणारीचं नाव, गाव, साल, कुठल्या कापडाची, किती दिवस लागले. किंमत सगळ्यात शेवटी. लिहिता येत नसेल तिची चिठ्ठी गटातल्या लेकी-सुनांनी लिहावी, पण नाव तिचंच घालावं.