साभार परत

मराठी भाषेंत दोन शब्द असे आहेत कीं, ते एकएकटे असतांना अत्यंत सभ्य व निरुपद्रवी वाटतात. पण जोडीनें आले म्हणजे भल्याभल्यांची झोंप उडवितात. ते शब्द म्हणजे ‘साभार परत’. कोणीं आभार मानले तर मनुष्यास संतोष होतो. दिलेली वस्तु न मागतां परत आली तर त्याहूनहि अधिक होतो. परंतु मासिकाकडे मोठ्या आशेनें धाडलेली लघुकथा आभारांसह घरीं आली, म्हणजे हे दोन्ही संतोष एकमेकांस खाऊन टाकतात आणि लेखकाच्या हातीं केवळ एक जाड लिफाफा उरतो. तो लिफाफा जाण्यापूर्वीं काय करावें, त्याची वाट पाहण्याचे महिने कसे घालवावे, आणि तो परत आल्यावर त्याचें काय करावें, या तीन प्रश्नांचा विचार आज करावयाचा आहे.

हें दुःख मराठींत फार जुनें नाहीं. हरि नारायण आपटे यांनीं १८९० सालीं ‘करमणूक’ पत्र काढलें, तेव्हां त्यांतील ‘स्फुट गोष्टी’ ते स्वतःच लिहीत. स्वतःची गोष्ट स्वतःला साभार परत करण्याचा प्रसंग कोणावर येत नाहीं! पुढें १८९५ सालीं काशीनाथ रघुनाथ मित्र यांचें ‘मासिक मनोरंजन’ निघालें. १९०९ सालीं त्याचा दिवाळी अंक प्रसिद्ध झाला. मासिकें वाढलीं, दिवाळी अंक वाढले, आणि संपादकानें ज्याचें तोंडहि पाहिलेलें नाहीं अशा दूरगांवच्या लेखकाची गोष्ट टपालानें यावयाची ही रीत रूढ झाली. आलेलें सगळेंच छापणें अशक्य असल्यामुळें ‘साभार परत’ हें त्या रीतीचें जुळें भावंड ठरलें.

आतां एक उदाहरण कल्पूं. मुंबईच्या ईशान्य टोंकास, ठाण्याच्या अलीकडे असलेल्या मुलुंडांत राहणारा एक गृहस्थ आहे. सकाळची लोकल, दिवसभर कचेरी, संध्याकाळची लोकल, आणि रात्रीं घरांतील मंडळी निजल्यावर स्वयंपाकघरांतील दिव्याखालीं लेखन, असा त्याचा क्रम. त्यानें एक कथा लिहिली आहे. मुलुंडच्या पूर्वेस जीं मिठागरें पसरलीं होतीं, त्यांतील एक मिठागर बंद पडतें. तेथील म्हातारा मुकादम मात्र पूर्वींप्रमाणेंच रोज पहांटे कंदील घेऊन बांधावर जातो. मुलगा त्यास अडवितो, म्हातारा ऐकत नाहीं. एवढीच गोष्ट.

या गृहस्थानें पहिला खर्डा पुरा झाला त्याच रात्रीं लिफाफ्यांत घातला नाहीं, हें त्याचें पहिलें शहाणपण. नुकतें लिहिलेलें लेखन हें कढत दुधासारखें असतें. चव कळत नाहीं, तोंड मात्र पोळतें. रोमन कवि होरेस यानें तर लिहिलेलें नऊ वर्षें दडवून ठेवावें असा उपदेश केला आहे. संसारी माणसास नऊ वर्षें परवडणार नाहींत. पण पंधरा दिवस कोणासहि परवडतात. पंधरा दिवसांनीं त्यानें ती कथा पत्नीस मोठ्यानें वाचून दाखविली. डोळ्यांना जें लपवितां येतें तें कानांना लपवितां येत नाहीं. आरंभींचें दीड पान सूर्योदयाचें होतें. तें वाचतांना त्याचा स्वतःचाच आवाज घाईचा झाला. मग म्हाताऱ्याचें पूर्वचरित्र. तिसऱ्या पानावर मुलगा विचारतो, “एवढ्या अंधारांत कोठें निघालां, बाबा?” येथें पत्नीनें निवडायची भाजी बाजूस ठेवली. कथेचा आरंभ तेथेंच होता! शेवटीं ‘मनुष्याची आपल्या कर्मभूमीवर किती माया असते’ अशा अर्थाचीं चार वाक्यें होतीं. तींहि गेलीं; कारण म्हातारा बांधावर उभा राहिला तेव्हांच वाचकाला तें कळलेलें होतें.

अशा काटछांटीचा कंटाळा मोठमोठ्यांनाहि असतो. १८८६ सालीं चेखॉव्ह हा सव्वीस वर्षांचा रशियन डॉक्टर विनोदी पत्रांना भराभर गोष्टी पुरवीत असे. ग्रिगोरोविच नांवाच्या वयोवृद्ध लेखकानें त्यास आपण होऊन पत्र लिहिलें, त्याच्या गुणांची तारीफ केली, आणि घाईनें लिहूं नये असें बजावलें. चेखॉव्हनें उत्तरीं कबूल केलें कीं, एका दिवसाहून अधिक वेळ खर्चून लिहिलेली आपली एकहि गोष्ट आपणांस आठवत नाहीं. त्या एका पत्रानंतर त्याची लेखणी मंदावली, आणि ज्या कथांनीं तो जगास ठाऊक झाला त्यांपैकीं बहुतेक पुढच्या काळांतल्या आहेत.

पाठविण्याचे नियम साधे आहेत, पण मोडले जातात तेच. ज्या मासिकाकडे कथा धाडावयाची त्याचे निदान चार अंक वाचलेले असावे. कागदाच्या एकाच बाजूस, समास सोडून, सुवाच्य लिहावें; आज बहुतेक ठिकाणीं कथा ई-मेलनें जाते, तरी शुद्धलेखन तपासण्याचें काम संगणक लेखकाकरितां पुरतें करीत नाहीं. आपल्याजवळ प्रत ठेवावी. एकच कथा एकाच वेळीं दोन संपादकांकडे धाडूं नये. दिवाळी अंकाची जुळवाजुळव पावसाळ्यापूर्वींच सुरू होते; गणपति बसल्यावर धाडलेली कथा बहुधा पुढील सालाचीच होते. सोबतच्या पत्रांत आपली गरिबी, आपली आजारपणें व मित्रांनीं केलेली स्तुति यांपैकीं कांहींहि लिहूं नये. कथेला जें सांगतां आलें नाहीं तें पत्राला सांगतां येत नाहीं.

संपादक म्हणजे केवळ दार लावणारा द्वारपाल नव्हे, याचें मराठींतील ठळक उदाहरण ‘सत्यकथा’ मासिकाचें. १९३३ सालीं निघालेलें हें मासिक १९८२ सालीं बंद पडलें. गिरगांवांतील खटाववाडींत श्री. पु. भागवत व राम पटवर्धन हे संपादक आलेली कथा बारकाईनें वाचीत, लेखकास पत्र लिहीत, भेटीस बोलावीत, आणि तो पुन्हां लिहून आणीपर्यंत थांबत. धारवाडास राहून कथा लिहिणाऱ्या जी. ए. कुलकर्णी यांचा आणि संपादकांचा धागा मुख्यत्वें टपालाचाच होता. त्यांच्या कथांइतकींच त्यांचीं पत्रेंहि आज आवडीनें वाचलीं जातात. तेव्हां कथा परत येणें हें नेहमींच कथेचें मरण नसून कित्येकदां तिचें बाळंतपण असे.

तथापि नाण्याची दुसरी बाजू सांगितली पाहिजे. एकाच मेजावर पुष्कळ कथा तासल्या जाऊं लागल्या म्हणजे त्यांना एकच घाट येण्याचें भय असतें. तशी तक्रार ‘सत्यकथे’विरुद्ध झाली, आणि १९६९ सालीं कांहीं तरुणांनीं तिच्या अंकाची जाहीर होळी केली. ‘शब्द’, ‘असो’, ‘वाचा’ यांसारखीं अनियतकालिकें निघालीं तीं कोणाच्या पसंतीची वाट न पाहणाऱ्यांनीं काढलीं. बाबुराव बागुलांचा ‘जेव्हा मी जात चोरली होती’ हा संग्रह १९६३ सालीं आला, तेव्हां त्यांतील जीवन मराठी कथेच्या नेहमींच्या मापांत बसणारें नव्हतें. याच मध्य रेल्वेवरील घाटकोपरांत, चिरागनगरच्या झोंपडींत, अण्णा भाऊ साठे लिहीत होते. शाळेंत त्यांचें शिक्षण जवळजवळ झालेंच नव्हतें. त्यांच्या कथेस तपासणारें मेज खटाववाडींत नव्हतें, तर तिच्या श्रोत्यांत होतें.

मग संपादकाचें ऐकावें कीं ऐकूं नये? याला एक कसोटी आहे. संपादकानें ज्या जागेवर बोट ठेवलें, त्या जागेशीं लिहितांना आपलाहि हात अडखळला होता काय, हें लेखकानें आपल्या मनास विचारावें. अडखळला असेल, तर मुकाट्यानें दुरुस्त करावें. नसेल, आणि ती जागा बदलल्यानें आपण पाहिलेलें खोटें होत असेल, तर कथा दुसरीकडे धाडावी. पण संपादकावर रागावूं नये. नकार हा त्या खर्ड्याला असतो, खर्डा लिहिणाऱ्याला नसतो.

राहिला प्रश्न वाट पाहण्याचा. मुलुंडच्या त्या गृहस्थाचे पहिले आठ दिवस बरे गेले. मग टपालवाल्याची वेळ त्यास पाठ झाली. मग कचेरींतून घरीं फोन होऊं लागले. एक महिन्यानंतर संपादकाचें मौन हेंच उत्तर, अशी त्याची खात्री झाली. दोन महिन्यांनीं कथा गहाळच झाली असावी, अशी झाली. खरें पाहतां संपादकाच्या मेजावर ती इतर कथांच्या ढिगांत सुखरूप होती. या रोगावर दोन औषधें आहेत. एक नोंदवही: कथेचें नांव, कोठें धाडली, केव्हां धाडली, उत्तर काय. तीन-चार महिन्यांनीं एक विनयाचें स्मरणपत्र, त्यापूर्वीं नाहीं. दुसरें औषध म्हणजे दुसरी कथा. जिची एकच गाय चरावयास गेली आहे ती बाई संध्याकाळीं वाटेकडे डोळे लावून बसते. जिच्या गोठ्यांत दुसरी आहे तिला दुधाची वेळ साधावयाची असते.

घरांतील मंडळींचेंहि यांत कांहीं कर्तव्य आहे. “आलें का उत्तर?” हा प्रश्न मायेनेंच विचारला जातो, पण रोज विचारला गेला म्हणजे तो तगाद्यासारखा लागतो. आणि लिहिणारी सून किंवा मुलगी असेल, तर तिचा लिफाफा दुसऱ्या कोणीं फोडूं नये. १९३३ सालीं ‘कळ्यांचे निःश्वास’ हा कथासंग्रह विभावरी शिरूरकर या टोपणनांवानें निघाला, आणि प्रकाशक ह. वि. मोटे यांनीं लेखिकेचें खरें नांव गुप्त राखिलें. मालतीबाई बेडेकरांना ज्या भयानें पडदा घ्यावा लागला, त्याचा अंश सुशिक्षित घरांतून अजून अगदींच गेलेला नाहीं.

धीर सुटूं लागला तर भवभूति आठवावा. समकालीनांनीं आपली अवज्ञा केली असतां त्यानें म्हटलें कीं, काळ अमर्याद आहे व पृथ्वी विशाल आहे; आपला समानधर्मा कोणी तरी कोठें तरी निपजेलच. ज्याच्या नांवाचें नाट्यमंदिर मुलुंडांत आहे, तो कालिदासहि ‘शाकुंतला’च्या प्रारंभीं सूत्रधाराच्या मुखीं हेंच घालतो कीं, जाणत्यांचें समाधान होईपर्यंत आपल्या प्रयोगकौशल्यावर भरंवसा वाटत नाहीं. लेखकाला या दोन्ही वृत्ति लागतात. लिहितांना कालिदासाची आणि नकार आल्यावर भवभूतीची. उलट झालें म्हणजे घोटाळा होतो.

चौथ्या महिन्यांत मुलुंडचा लिफाफा परत आला. आंत छापील चिठ्ठी, वर हातानें लिहिलेली एकच ओळ: ‘मुलगा पटला नाहीं.’ गृहस्थानें दोन दिवस तो लिफाफा कपाटावर टाकून दिला. तिसऱ्या रात्रीं, परक्यानें लिहिलेली गोष्ट वाचावी तशी, त्यानें ती वाचली. मुलगा खरोखरच दुष्ट झाला होता; म्हाताऱ्याची करुणा वाढावी एवढ्याचसाठीं त्यास दुष्ट केलें होतें. वाचतां वाचतां तो एका वाक्याशीं थांबला. म्हातारा रोज पहांटे भरलेला कंदील उचलतो, असें त्यानेंच लिहिलें होतें. पण म्हाताऱ्याच्या हातांना तर कंप होता. मग त्या कंदिलांत रोज रात्रीं घासलेट भरीत असे कोण?

चार महिन्यांपूर्वीं हा प्रश्न त्यास सुचणें शक्य नव्हतें; त्या वेळीं कथा त्याची होती, आतां ती मुकादमाची आणि त्याच्या मुलाची झाली होती. त्यानें दिवा मोठा केला आणि कोरा कागद घेतला. ती कथा पुढें कोठें छापून आली किंवा पुन्हां साभार परत आली, हें ठरावयाचें आहे. नोंदवहींत त्या कथेपुढें दुसरी तारीख मात्र पडली आहे.