शस्त्रक्रिया करावी की थांबावे?
(वर्धापनदिनाच्या रुग्ण-मेळाव्यात नेत्रविभागातर्फे केलेले भाषण)



दृष्टिपटलाच्या, म्हणजे आपण ज्याला डोळ्याचा पडदा म्हणतो त्याच्या विकारात, आम्हांला एक प्रश्न वारंवार विचारला जातो : "डॉक्टर, तुमच्याच आईचा डोळा असता, तर तुम्ही काय केले असते?" आज त्याचे उत्तर देण्याचा आमचा प्रयत्न आहे.

प्रथम हे लक्षात घ्यावे, की पडद्याचे सर्व विकार सारखे नसतात. काहींत थांबणे शहाणपणाचे ठरते, तर काहींत घातक. पडदा सुटणे हा दुसऱ्या प्रकारचा विकार होय. १९२० च्या दशकात लोझान येथील ज्यूल गोनँ यांनी पडद्याला पडलेले छिद्र बंद केल्यास तो पुन्हा बसतो हे दाखवून दिले. त्यापूर्वी या विकाराचा शेवट बहुधा अंधत्वातच होत असे. पुढे १९७० च्या सुमारास मायामी येथे रॉबर्ट माखेमर यांनी डोळ्यातील पारदर्शक जेली काढून आत काम करण्याची विट्रेक्टमी ही पद्धत विकसित केली. आज ती सुमारे अर्ध्या मिलिमीटरच्या छिद्रांतून करता येते.

साधन उपलब्ध असले, तरी वेळ गेल्यावर त्याचा उपयोग कमी होतो. काही वर्षांपूर्वी सोयाबीनच्या काढणीच्या दिवसांत एका शेतकरी बंधूंनी दूरध्वनी केला. डोळ्यासमोर अचानक काळे ठिपके, विजेसारखी चमक आणि एका बाजूने सरकणारी सावली, अशी त्यांची तक्रार होती. आमच्याकडून त्यांना नेहमीप्रमाणे पुढील आठवड्यातील तारीख देण्यात आली. ते आले तेव्हा पीतबिंदू, म्हणजे वाचनाची दृष्टी देणारा मध्यभाग, सुटलेला होता. शस्त्रक्रियेने पडदा बसला. वाचण्यापुरती दृष्टी मात्र परत आली नाही. ही उणीव आमची होती, आणि ती या अहवालात नोंदविणे आम्ही कर्तव्य समजतो. त्यानंतर नोंदणी कक्षात ही तिन्ही लक्षणे लिहून लावली आहेत. अशा रुग्णास त्याच दिवशी तपासले जाते.

याउलट पीतबिंदूवर पातळ पापुद्रा धरणे हा सावकाश चालणारा विकार आहे. शिवणकाम करणाऱ्या एक ताई आमच्याकडे आल्या. म्हणाल्या, "टीप सरळच मारते हो, पण मला ती ओढ्यासारखी वाकडी दिसते." उजव्या डोळ्याची दृष्टी ६/१२ होती, डावा डोळा उत्तम. आम्ही त्यांना दोन्ही बाजू सांगितल्या. पापुद्रा सोलून काढल्यास वाकडेपणा बहुधा कमी होतो, परंतु सुधारणेस कित्येक महिने लागतात आणि दृष्टी पूर्ववत होईलच असे नाही. पन्नाशीनंतर या शस्त्रक्रियेमागोमाग मोतीबिंदू वाढणे हे बहुतेकांच्या वाट्यास येते. शंभरात एक-दोघांचा पडदा सुटू शकतो. जंतुसंसर्ग क्वचित होतो, पण झाल्यास गंभीर असतो.

ताईंनी थांबण्याचे ठरविले. आठ महिन्यांनी दृष्टी ६/२४ झाली आणि वाकडे चित्र चांगल्या डोळ्याच्याही आड येऊ लागले. तेव्हा त्यांनीच शस्त्रक्रियेचा निर्णय घेतला. सहा महिन्यांत दृष्टी पुन्हा ६/१२ वर आली. दुसऱ्या वर्षी मोतीबिंदू काढावा लागला. आता त्या म्हणतात, "टीप अजून जराशी हलते, पण कापड बिघडत नाही."

त्याच सुमारास तोच विकार असलेले एक निवृत्त गृहस्थ आले होते. त्यांचे वाचन, चालणे, बँकेचे व्यवहार, काहीच अडत नव्हते. त्यांनी शस्त्रक्रिया केली नाही. दर सहा महिन्यांनी ओसीटी तपासणी होते. तीन वर्षांत पापुद्रा होता तसाच आहे. ताईंचाही निर्णय योग्य होता आणि त्यांचाही.

म्हणून निर्णयापूर्वी चार प्रश्न अवश्य विचारावेत. या डोळ्यामुळे माझे नेमके काय अडते? थांबल्यास काय हानी होईल, आणि ती भरून निघेल का? शस्त्रक्रियेने जास्तीत जास्त किती लाभ व किती अपाय संभवतो? माझ्या दुसऱ्या डोळ्याची स्थिती कशी आहे? डोळ्यात वायू भरावा लागणार असेल, तर पालथे झोपणे जमेल का, तो विरेपर्यंत विमानप्रवास टाळता येईल का, याचाही विचार घरच्यांसह करावा.

खर्चाच्या भीतीने कोणी निर्णय लांबवू नये. महाराष्ट्रातील धर्मादाय रुग्णालयांत १० टक्के खाटा निर्धन रुग्णांसाठी विनामूल्य आणि १० टक्के दुर्बल घटकांसाठी सवलतीत राखीव असतात. आमच्या समाजसेवा विभागात त्याची माहिती निःसंकोच विचारावी.

आता आईच्या डोळ्याविषयी. पडदा सुटला असता, तर आम्ही तिला त्याच दिवशी शस्त्रक्रियेसाठी आणले असते. पापुद्रा असता, तर आधी तिच्याजवळ बसून विचारले असते, "तुला काय दिसत नाही, आणि त्यावाचून तुझे काय अडते?" तिच्या उत्तरावाचून आम्हांला निर्णय घेता आला नसता. आपणही आम्हांला ते उत्तर मोकळेपणाने सांगावे, एवढीच विनंती.