ट्रान्सपोर्ट टायकून कसा वाचला



खामगावात रेल्वेचा विषय निघाला की कुणी गप्प बसत नाही, म्हणून तिथूनच सुरुवात करतो. जलंबहून इथवरचा फाटा 1870 साली आला, तो कापसासाठी. पुढे जालन्याला जोडणारा मार्ग इंग्रजांच्या काळापासून मागितला जातोय, आणि जिल्ह्याचं ठिकाण असूनही बुलढाण्याला अजून रेल्वे स्टेशन नाही. आज ज्या खेळाबद्दल बोलायचं आहे, त्यात हा मार्ग टाकून बघता येतो. जमिनीची उंचसखलता करड्या छटांत दाखवणारं चित्र त्या खेळाला द्यायचं. जितकी छटा फिकी तितकी जमीन उंच, असं धरून तो डोंगर-दऱ्या उभ्या करतो. मग खामगाव, चिखली, सिंदखेडराजा, देऊळगावराजा अशी गावं मांडायची आणि रूळ टाकायला घ्यायचे. चढावर भरलेली मालगाडी रेंगाळते. वळसा घ्यावा तर रूळ वाढतात, बोगदा खणावा तर तिजोरी रिकामी होते. यातून वाट काढणं हाच खेळ.

त्याचं मूळ नाव ट्रान्सपोर्ट टायकून. 1994 साली स्कॉटलंडच्या ख्रिस सॉयर यांनी तो लिहिला, चित्रं सायमन फॉस्टर यांची. पुढच्याच वर्षी त्याची डिलक्स आवृत्ती निघाली. सॉयर यांनी तो जवळपास सगळा असेंब्लीत लिहिला होता. असेंब्ली म्हणजे प्रोसेसरच्या अगदी लगतची भाषा. त्यामुळे तेव्हाच्या मंद संगणकावरही एवढ्या गाड्या सुरळीत धावायच्या. पण त्याच कारणानं हा खेळ त्या यंत्रांशी जखडला गेला. डॉस मागे पडलं, विंडोज बदलत गेलं, आणि कपाटातली धडधाकट सीडी नव्या संगणकावर निरुपयोगी ठरू लागली.

मूळ कोड कुणाला मिळालेला नव्हता. स्वीडनच्या लुडविग स्ट्रिगियस यांनी विकत मिळणारा तयार प्रोग्रामच उलगडायला घेतला. कुठल्या सूचनेनं गाडी वळते, कुठल्या हिशेबानं भाडं ठरतं, हे शोधत त्यांनी तो सी भाषेत नव्यानं लिहिला. 2004 मध्ये ‘ओपनटीटीडी’ या नावानं तो सगळ्यांसाठी खुला झाला. कोड वाचा, बदला, वाटा. मात्र बदललेला कोड वाटलात तर तोही तसाच खुला ठेवा, एवढीच त्याच्या परवान्यातली अट.

तरीही खेळ पुरता मोकळा झाला नव्हता. गाड्या, घरं, झाडं यांची चित्रं मूळ सीडीतलीच होती आणि त्यांचा हक्क दुसऱ्यांचा. मला या सगळ्या हकिकतीत सर्वांत मोठं वाटतं ते यापुढचं काम. जगभरातल्या हौशी लोकांनी प्रत्येक चित्र नव्यानं काढलं. एक इंजिन म्हणजे एक चित्र नव्हे. ते आठ दिशांना वळतं, म्हणून आठ चित्रं, तीही मोजक्या रंगांत, ठिपक्याला ठिपका जोडून. 2009 च्या अखेरीस हा संच पुरा झाला, आवाजही नवे तयार झाले आणि 1 एप्रिल 2010 रोजी 1.0 आवृत्ती आली. आता मूळ सीडीची गरजच उरली नाही.

काही वेळा मालकच दार उघडतो. ‘वॉरझोन 2100’ हा 1999 चा युद्धनीतीचा खेळ. तो बनवणारा स्टुडिओ बंद पडला, खेळाडूंनी अर्ज-विनंत्या केल्या आणि 2004 मध्ये त्याचा कोड खुला झाला. ‘कमांड अँड काँकर’ आणि ‘रेड अलर्ट’ यांच्या गाभ्याचा कोड इलेक्ट्रॉनिक आर्ट्सनं 2020 मध्ये दिला, 2025 मध्ये ‘जनरल्स’चाही. उलट बाजूही ऐका. ‘स्टारक्राफ्ट’च्या मूळ कोडची एक सीडी 2017 मध्ये ऑनलाइन घेतलेल्या जुन्या सामानाच्या खोक्यात एका गृहस्थांना सापडली. त्यांनी ती ब्लिझार्ड कंपनीला परत केली. एवढ्या गाजलेल्या खेळाचा कोड असा भंगारसामानात फिरत होता, हे मला फार अस्वस्थ करतं.

आपला कायदा याकडे कसं बघतो? 1957 च्या कॉपीराइट कायद्यात संगणक प्रोग्राम ही साहित्यकृती धरली आहे. म्हणजे कर्त्याच्या मृत्यूनंतर 60 वर्षं संरक्षण. इतकी वर्षं कुठली सीडी टिकणार? 2012 च्या दुरुस्तीनं सार्वजनिक ग्रंथालयांना जतनासाठी डिजिटल प्रत ठेवायची मुभा दिली, पण ग्रंथालयाकडे त्या कृतीची आधीच बिगर-डिजिटल प्रत असेल तर. पुस्तकाला हे जमतं. खेळ जन्मालाच डिजिटल येतो, त्याची बिगर-डिजिटल प्रत आणायची कुठून? ही अट बदलायलाच हवी आणि ती मागणी ग्रंथालयांनीच केली पाहिजे, असं माझं स्पष्ट मत आहे.

तोवर हात बांधून बसायचं कारण नाही. खुल्या परवान्याच्या खेळाची प्रत करायला कुणाची परवानगी लागत नाही. आपल्या वाचनालयांनी ‘ओपनटीटीडी’, ‘वॉरझोन 2100’, ‘फ्रीसिव्ह’ यांच्या प्रती कोडसकट ठेवाव्यात आणि मागेल त्याला पेनड्राइव्हवर द्याव्यात. ज्यांच्याकडे नव्वदीतल्या विकतच्या सीडी आणि सोबतची माहितीपुस्तकं आहेत, त्यांनी ती रद्दीत घालू नयेत. नियम आणि नकाशे पुष्कळदा त्या पुस्तकातच असतात.

आणि एक काम खास आपलं. ‘ओपनटीटीडी’च्या कोडमध्ये अपुऱ्या भाषांतरांचा एक कप्पा आहे, त्यात मराठीची फाइल आहे. साधी मजकुराची फाइल. प्रत्येक ओळीत डावीकडे इंग्रजी कॅपिटल अक्षरांतलं सांकेतिक नाव, मध्ये दोन टिंबं, उजवीकडे पडद्यावर दिसणारं वाक्य. डावी बाजू बदलायची नाही. उजवीकडे महिरपी कंसातली खूण दिसली तर तीही ठेवायची, कारण तिथं गावाचं नाव किंवा रक्कम येऊन बसते. याला प्रोग्रामिंग लागत नाही. शेगावच्या अभियांत्रिकी महाविद्यालयातली मुलं आणि जलंब-नांदुऱ्याचे निवृत्त रेल्वे कर्मचारी एकत्र बसले तर ही फाइल पुरी होऊ शकते. ज्यांना यात यायचं असेल त्यांनी व्याख्यान संपल्यावर थांबावं, मी ती फाइल सोबत आणली आहे.