विसर आणि आठव
(मंडळाच्या वर्धापनदिनी केलेले भाषण)



मी सातवी शिकलेली बाई. मोठ्या विषयावर बोलण्याचा माझा अधिकार नाही. पण गेली पाच वर्षे घरात सासूबाईंचे दुखणे पाहते आहे, त्यावरून चार शब्द सांगते.

या दुखण्याला अल्झायमर म्हणतात. डॉ. अलॉईस अल्झायमर या जर्मन डॉक्टरांनी १९०६ साली ते प्रथम मांडले, म्हणून हे नाव. आपल्या मेंदूत हिप्पोकॅम्पस नावाचा भाग असतो. नवी आठवण पक्की करणे हे त्याचे काम. रोगाचा घाला बहुधा आधी तेथेच पडतो. म्हणून दुपारचे जेवण तासाभराने आठवत नाही, पण माहेरच्या विहिरीच्या पायऱ्या आठवतात. जुन्या आठवणी लोणच्यासारख्या मुरलेल्या असतात, त्या उशिरा जातात. रोग वाढला की त्याही जातात. बहुधा अलीकडच्या आधी आणि लहानपणच्या शेवटी.

हे डॉक्टरीणबाईंनी समजावले तेव्हा माझ्या मनातले शल्य गेले. सासूबाई मुलाला ओळखत आणि मला मात्र 'आक्का' म्हणत. आक्का ही त्यांची थोरली बहीण. शेजारणी म्हणत, "एवढे करतेस, पण सुनेची ओळख नाही हो!" बायांनो, मी या घरात आले त्याला चोवीस वर्षे झाली. त्यांच्या आठवणींच्या पंगतीत मी शेवटी बसले, म्हणून माझे पान आधी उठले. त्यात माया कमी नव्हती. आता तर त्या मुलालाही 'दादा' म्हणतात.

हातांची आठवण मात्र निराळी. आज स्वतःचे नाव सांगता येत नाही, पण कापूस पुढे ठेवला की वाती सुबक वळतात.

तेव्हा माझे सांगणे एवढेच. विसरभोळेपणाला नुसते म्हातारपण म्हणून सोडू नका, डॉक्टरांना दाखवा. थायरॉईडने किंवा बी-१२ जीवनसत्त्व कमी पडल्यानेही विसर पडतो, त्यावर औषध आहे. अल्झायमर मात्र पुरता बरा होत नाही. अशा माणसाला "मी कोण, ओळखा पाहू" म्हणून परीक्षेला बसवू नका. ती ज्या काळात असतील तेथे आपणच जावे. मला 'आक्का' म्हटले की मी 'ओ' देते आणि वेणी घालते. त्या निवांत होतात.