जीवनौकेचा दुसरा संसार

पुरात अडकलेली माणसे काढायला आपण होडी घालतो. तशीच, फुटत्या जहाजावरची माणसे आणायला खवळलेल्या समुद्रात जी घालतात ती जीवनौका. इंग्लंडात या कामासाठी १८२४ साली एक संस्था निघाली. ती आजही लोकांच्या देणग्यांवर चालते. जुन्या जीवनौका विकल्या जात. घेणारा म्हणे, एवढे भक्कम लाकूड मोडायचे कशाला? तो वर फळ्यांचे छत घाली, झोपायला जागा करी, डोलकाठी उभारी, आणि झाले घरचे गलबत!

अशाच एका गलबताचे नाव होते 'व्हिक्सन'. लांबी सुमारे तीस फूट. १८९७ साली ते अर्स्किन चाइल्डर्स या सत्तावीस वर्षांच्या गृहस्थाजवळ होते. पेशाने तो पार्लमेंटातला कारकून. गलबत इतके ओबडधोबड, की शौकिनांनी नाक मुरडावे. पण जीवनौकेचे हाड वेगळेच असते. चांगल्या नौकेला फळ्यांचे दोन थर. एक एका अंगाला तिरपा, दुसरा दुसऱ्या अंगाला, आणि मधे रंगात भिजवलेले कापड. बांबूच्या तट्ट्याची वीण आठवा, म्हणजे बळ कुठून येते ते ध्यानात येईल. व्हिक्सनच्या पोटात आणखी एक सोय होती. खाली सोडायचे एक पाते. ते वर ओढले की गलबत उथळ पाण्यातूनही निघून जाई.

ही सोय कुठे कामी आली? शिक्षक बंधुभगिनींनी नकाशा काढून हॉलंड-जर्मनीचा उत्तर किनारा मुलांना जरूर दाखवावा. तिथे बेटांची रांग आहे. ओहोटी लागली की बेटांमागचे पाणी ओसरते आणि मैलोन् मैल वाळू उघडी पडते. वाट चुकली तर गलबत रुतलेच. मग भरतीची वाट बघत बसा! त्या वर्षीच्या शरदात चाइल्डर्स आणि त्याचा भाऊ या वाळूतून वाट काढत बाल्टिक समुद्रापर्यंत गेले.

या सफरीतून एक कादंबरी जन्मली, 'द रिडल ऑफ द सँड्स', १९०३ सालची. तीत व्हिक्सन 'डल्सिबेला' नावाने वावरते आणि दोन इंग्रज तरुण त्या उथळ पाण्यात जर्मनांच्या स्वारीचा बेत हुडकून काढतात. कथा काल्पनिक खरी, पण १९१० साली दोन इंग्रज अधिकारी त्याच किनाऱ्यावर हेरगिरी करताना सापडले. कादंबरी वाचल्याचे त्यांतल्या एकाने कोर्टात कबूल केले, तेही तीनदा!

चाइल्डर्सचे पुढे काय झाले? इंग्लंडची चिंता वाहणारा हा लेखक आयर्लंडच्या स्वातंत्र्याकडे ओढला गेला. १९१४ साली त्याने 'अस्गार्ड' या आपल्या दुसऱ्या गलबतातून आयरिश स्वयंसेवकांना बंदुका पोचवल्या. पुढे यादवी पेटली. जवळ पिस्तूल सापडल्यावरून आयरिश सरकारनेच त्याला २४ नोव्हेंबर १९२२ रोजी गोळ्या घातल्या. मरण्यापूर्वी त्याने शिपायांशी हस्तांदोलन केले म्हणतात. त्याचाच मुलगा १९७३ मध्ये आयर्लंडचा राष्ट्राध्यक्ष झाला.

अस्गार्ड आज डब्लिनच्या संग्रहालयात जपून ठेवले आहे. व्हिक्सन त्याने कधीच विकून टाकले होते. दुसऱ्या महायुद्धानंतर ते लिमिंग्टन गावी मोडीत निघाले.