नाटकाविना मंडई



टीव्हीला जोडून खेळायच्या यंत्राला गेम कन्सोल म्हणतात. सोनीचे प्लेस्टेशन, मायक्रोसॉफ्टचे एक्सबॉक्स, निन्टेन्डोचे स्विच ही त्यातली प्रसिद्ध नावे. या यंत्रांत आता नुसते खेळ नसतात. आपल्यासारखा एक बाहुला तयार करायचा, त्याला कपडे घालायचे, राहायला घर द्यायचे आणि जगभरातल्या इतर बाहुल्यांच्या भेटीला न्यायचे, अशीही सोय काही ठिकाणी असते. या आभासी वस्तीमुळे यंत्राचे मोल खरोखर वाढते की ती नुसती सजावट आहे, हा आजच्या भाषणाचा विषय.

विषय शहरी वाटेल, पण सडक अर्जुनीतही हा प्रश्न पडतो. प्लेस्टेशन ५ फेब्रुवारी २०२१ मध्ये भारतात आले तेव्हा त्याची किंमत ४९,९९० रुपये होती. २०२५-२६ च्या हंगामासाठी साधारण धानाचा हमीभाव क्विंटलला २,३६९ रुपये ठरला. म्हणजे एका यंत्रापायी सुमारे २१ क्विंटल धान! मुलगा म्हणतो, "बाबा, त्यात मित्र भेटतात." या वाक्याचे मोल बापाने किती धरायचे?

उत्तर शोधायला आधी आपल्या मंडईकडे पाहू. भंडारा, गोंदिया, चंद्रपूर, गडचिरोली या आपल्या झाडीपट्टीत दिवाळीनंतर गावोगाव मंडई भरते. दिवसा दुकाने लागतात, रात्री दंडार किंवा नाटक होते. वडशाच्या नाटक कंपन्यांचे प्रयोग रात्रभर रंगतात. लेकी माहेरी येतात, सोयरेधायरे जमतात, लग्नाच्या गोष्टी निघतात. पाहुण्याला विचारले तर तो सांगतो, "नाटक पाहायला आलो." खरे तर तो माणसांना भेटायला आलेला असतो, पण नाटकाचे निमित्त नसते तर तो घरून निघालाही नसता. मंडईतून नाटक काढले तर नुसता बाजार उरतो. ओळखीची माणसे काढली तर नुसती गर्दी उरते.

आता या कसोटीवर एक मोठा प्रयोग पाहा. सोनीने ११ डिसेंबर २००८ रोजी प्लेस्टेशन ३ साठी 'प्लेस्टेशन होम' नावाचे आभासी नगर सर्वांना खुले केले. प्रवेश फुकट. त्यात चौक होता, सिनेमागृह होते, बोलिंगचा खेळ होता, बुद्धिबळाची टेबले होती आणि प्रत्येकाला एक घर होते. चित्रे देखणी होती. पण सुरुवातीला बोलिंगच्या जागा मोजक्याच असल्याने तिथेही लोकांना ताटकळत थांबावे लागे! एका भागातून दुसऱ्या भागात जायचे तर तो भाग आधी डाउनलोड होऊ द्यायचा. आणि पोहोचल्यावर करायचे काय? नाचायचे, हात हलवायचे, बाहुल्यासाठी खरे पैसे देऊन कपडे घ्यायचे. ज्याला मोटारीची शर्यत किंवा लढाई खेळायची होती, तो सरळ आपला खेळ सुरू करी. त्याला वाटेत या नगरात थांबायचे कारण नव्हते. ही उणीव सोनीच्याही ध्यानात आली असावी. २०११ मध्ये होमची रचना बदलून तिथल्या खेळांना पुढे आणले गेले. होमवर जीव लावणारी माणसेही होती. तरी ३१ मार्च २०१५ रोजी ते नगर कायमचे बंद झाले आणि विकत घेतलेली घरे, कपडे, सामान सारे त्याबरोबर गेले.

मायक्रोसॉफ्टने नोव्हेंबर २००८ मध्ये एक्सबॉक्स ३६० मध्ये मोठे बदल केले. बाहुले त्यांनीही दिले. पण त्यासोबत आणखी एक साधी सोय दिली. आठ जणांनी हेडफोन लावून आपसात बोलत राहायचे, मग ते एकच खेळ खेळत असोत की निरनिराळे. ना नगर, ना चौक, फक्त गप्पा. पुढे प्लेस्टेशनवरही ही सोय आली आणि आज कोणालाही तिचे नवल वाटत नाही. मंडईचा मांडव उभारण्यापेक्षा सोयऱ्यांना शेजारी बसवणे अधिक मोलाचे ठरले.

मग आभासी वस्ती निरुपयोगीच समजायची का? तसेही नाही. २० मार्च २०२० रोजी निन्टेन्डोने स्विचसाठी 'अ‍ॅनिमल क्रॉसिंग : न्यू होरायझन्स' हा खेळ आणला. त्याच सुमारास कोरोनामुळे जगभर लोक घरात कोंडले गेले होते. या खेळात आपल्याला एक बेट मिळते. मासे धरायचे, झाडे लावायची, घर सजवायचे आणि मित्रांना बोलवायचे. सुरुवातीला प्रत्येक बेटावर मूळचे फळ एकाच जातीचे असते. दुसरे हवे तर मित्राच्या बेटावरून आणता येते. म्हणजे वाणवसा देण्याघेण्यासारखेच झाले! लोकांनी तिथे वाढदिवस केले, लग्नसमारंभही केले. मार्चअखेरपर्यंतच्या १२ दिवसांत या खेळाच्या १ कोटी १७ लाखांहून अधिक प्रती विकल्या गेल्या. केवळ या खेळासाठी यंत्र घेणारेही होते. होममध्ये जे साधले नाही ते इथे साधले, कारण इथे वस्ती हाच खेळ होता. पाहुण्याला यायला निमित्त होते आणि आल्यावर हाताला काम होते.

आपल्याकडे ही गोष्ट नवी नाही. नव्वदच्या दशकात टीव्हीला जोडायचे स्वस्त व्हिडिओ गेम आले. कॅसेट घालायची आणि 'कॉन्ट्रा' सुरू करायचा. खेळणारे दोघे, पाहणारे सात-आठ आणि सल्ला देणारे सगळेच. त्या यंत्रात आभासी जग अजिबात नव्हते. आळीतली पोरे मात्र जमत होती.

आज आमच्या भागात कन्सोल क्वचित दिसतो. मोबाइल घरोघर आहे. माझा भाचा सुट्टीत आला की गावातल्या दोघांबरोबर आणि कामासाठी हैदराबादला गेलेल्या एका मित्राबरोबर रात्री लढाईचा खेळ खेळतो. एकदा शेजारी बसून मी ऐकत होतो. गोळीबार ऐन रंगात आला होता आणि हैदराबादचा पोरगा विचारत होता, "रोवणी आटोपली का बे? मंडईले येतो म्हन मी." मला त्या खेळातले काही कळले नाही, पण ते कशासाठी खेळतात ते कळले. २ सप्टेंबर २०२० रोजी केंद्र सरकारने ११८ अ‍ॅप्सवर बंदी घातली, त्यात पबजी मोबाइल होते. ही चौघे तेव्हा तोच खेळ खेळत. तो खेळ गेला. चौघे दुसऱ्या खेळात जाऊन बसले. जग बदलले, चौकडी तीच राहिली.

आता कोणी म्हणेल, अनोळखी माणसांशीही तिथे मैत्री होते. होते, नाही असे नाही. ज्याला आसपास जिवाभावाचे कोणी नाही, त्याला तिचा आधारही वाटतो. पण पडद्यावरच्या बाहुल्यामागे कोण आहे हे दिसत नाही, म्हणून लहान मुलांच्या बाबतीत आईवडिलांचे लक्ष हवेच. आणि बाहुल्याच्या अंगरख्यावर पैसे घालताना एवढे ध्यानात ठेवावे, की कंपनीने दिवा मालवला की आपली वस्ती अंधारात जाते.

म्हणून माझे मत असे. आभासी वस्ती यंत्राचे मोल वाढवू शकते, पण खेळ नसेल आणि आपली माणसे नसतील तर तिला स्वतःचे मोल फार थोडे. दुकानदार नगर दाखवील, चौक दाखवील, बाहुल्याचे कपडे दाखवील. त्याचे पैसे देऊ नका.

मुलगा म्हणाला, "त्यात मित्र भेटतात," तर त्याला एवढेच विचारा, "कोण रे?" त्याने चार नावे सांगितली, ते काय खेळणार हेही सांगितले, तर २१ क्विंटलांचा हिशेब करायला बसायला हरकत नाही. नावे आठवेनात, तर धान तूर्त कोठीतच राहू द्या.