ताळा



सकाळपासून सगळ्यांचे मोबाइल बाहेर आहेत. हे फोटो पुढच्या मेळाव्यापर्यंत टिकावेत, म्हणून मी पाच मिनिटं मागून घेतली.

२००६ साली आपल्या गणिताच्या बाई निवृत्त झाल्या. त्या समारंभाचे फोटो मी दोन सीड्यांवर उतरवले आणि कॅमेऱ्याचं कार्ड रिकामं केलं. इंजिनिअर ना मी! दोन प्रती झाल्या, आता काळजी नाही. बाई गेल्याचं कळलं त्या रात्री सीड्या काढल्या. एकही उघडेना. आपण घरी लिहितो त्या सीडीत रंगद्रव्याचा थर असतो. ऊन, उष्णता, दमटपणा यांनी तो खराब होतो. माझ्या दोन्ही सीड्या एकाच डब्यातल्या, एकाच कपाटात ठेवलेल्या. एकीला झालं ते दुसरीलाही झालं. बाईंचा एकच फोटो उरला, तोही एका मैत्रिणीने प्रिंट काढली होती म्हणून.

फोटो वाटणं आणि जपणं ही दोन वेगळी कामं आहेत. वाटायला व्हॉट्सअ‍ॅप सोयीचं, पण त्यात फोटोचा दर्जा घटतो. मूळ फोटो हवा असेल तर डॉक्युमेंट म्हणून पाठवा. पेनड्राइव्ह नेण्या-आणण्यासाठी ठीक, वर्षानुवर्षं ड्रॉवरमध्ये टाकून ठेवण्यासाठी नाही. हार्ड डिस्कवर भरपूर मावतं, पण हातातून पडली की संपलं. गूगलची १५ जीबी जागा मोफत, पण ईमेलही त्यातच. शिवाय बॅकअप चालू असताना गूगल फोटोजमधून फोटो डिलीट केला, तर तो फोन आणि क्लाउड दोन्हीकडून जातो.

छायाचित्रकारांचा एक सोपा नियम आहे: ३-२-१. तीन प्रती, दोन वेगळ्या प्रकारच्या साधनांवर, आणि त्यातली एक दुसऱ्या ठिकाणी.

आजच्या फोटोंसाठी तसंच करू या. एक सामायिक ऑनलाइन फोल्डर, एक हार्ड डिस्क माझ्याकडे, दुसरी परगावच्या कुणाकडे तरी. आणि दर शिक्षकदिनी दोघांनी आपापली डिस्क जोडून चार फोटो उघडून बघायचे.

उत्तर बरोबर असलं तरी ताळा केल्याशिवाय बाई वही तपासायच्या नाहीत. मी सीड्या केल्या, ताळा मात्र इतक्या वर्षांत एकदाही केला नाही. तुम्ही करा.